हॅकबेरी : दाताने फोडू नका, खलात कुटा

ऑक्टोबरात माझे वडील, अण्णा, साताऱ्याहून आमच्याकडे कॅन्सस सिटीला आले. गाडी चालवता येत नाही, दिवसभर घरी बोलायला माणूस नाही. तेव्हा ओढ्याकाठच्या पायवाटेने शाळेपर्यंत जाऊन येणे हाच त्यांचा उद्योग. आठवडाभराने त्यांनी खिशातून मूठभर काळसर-जांभळी, वाटाण्याएवढी फळे काढून टेबलावर ठेवली. "अगं, बोरांसारखी गोड आहेत. झाडाखाली सडा पडलाय आणि कुणी हात लावत नाही." झाड मला नावाने माहीत होते, हॅकबेरी, पण ते खातात हे मला माहीत नव्हते. "अण्णा, आधी विचारू तरी कुणाला," असे मी म्हणेपर्यंत त्यांचे चार दिवस खाणे होऊन गेले होते.

फळाने त्यांना काही बाधले नाही. बाधली ती सवय. लहानपणी बोराचा गर खाऊन झाला की आठळी फोडून आतली बी खायची, तसे त्यांनी इथेही केले आणि दाढ मधोमध चिरली. रूट कॅनॉल आणि वर कॅप मिळून १,९०० डॉलर. त्यांच्यासाठी घेतलेल्या व्हिजिटर पॉलिसीत दातांसाठी फक्त 'अचानक उद्भवलेल्या वेदनांवर तात्पुरता उपचार' एवढेच बसत होते, तेही एका छोट्या मर्यादेपर्यंत. बाकीचे पैसे आमचे. चूक आमचीच, बारीक अक्षरातला मजकूर मी पैसे भरल्यानंतर वाचला. ज्यांचे आईवडील यायचे आहेत त्यांनी पॉलिसीतला दातांचा परिच्छेद आधी वाचावा, आणि शक्य असेल तर निघण्याआधी तिकडेच दात तपासून घ्यायला सांगावे.

अण्णांचे म्हणणे मात्र वेगळे होते. "फळाचा काय दोष? कठीण बी खलात कुटतात, दाताने नाही. मीच विसरलो." आणि त्यांनी माझ्या कपाटातला लोखंडी खलबत्ता काढायला लावला. पुढचे दोन महिने आमच्या घरी जे शिजले, त्याची ही माहिती.

हॅकबेरी हे अमेरिकेच्या मध्य आणि पूर्व भागातले अगदी साधे झाड आहे. दक्षिणेत तिचीच बहीण शुगरबेरी आढळते, नैर्ऋत्येच्या कोरड्या भागात आणखी एक जात आहे. पूर्वी हे झाड एल्मच्या, म्हणजे आपल्याकडच्या वावळाच्या कुळात धरत. आता वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला भांगेच्या कुळात नेऊन बसवले आहे. घाबरू नये, नशा येत नाही. आमच्या ह्यांनी एकदा विचारून खात्री करून घेतली.

फळाची रचना समजली की स्वयंपाक आपोआप समजतो. वर पातळ, चिवट साल. तिच्याखाली गराचा अगदी पातळ थर, चवीला खारकेसारखा, बडीशेपेच्या गोळीवर साखर असते तेवढाच. मग गोल, पांढरट, दगडासारखी आठळी. आणि तिच्या आत छोटासा मगज. गोडवा गरात आहे, पण चरबी आणि प्रथिने त्या मगजात आहेत. नुसता गर चोखून आठळी थुंकली तर तोंड गोड होते, पोटात फारसे काही जात नाही. म्हणून आठळीसकट कुटणे आले.

ती आठळी इतकी कठीण का? कारण तिच्यात कॅल्शियम कार्बोनेट भरलेले असते, खडूत आणि अंड्याच्या टरफलात असते तेच. त्यामुळे ती हजारो वर्षे टिकते. चीनमध्ये पेकिंगजवळच्या ज्या गुहांत आदिमानवाची हाडे सापडली, तिथेही हॅकबेरीच्या जातीच्या आठळ्या सापडल्या आहेत. आमच्या मैत्रिणींपैकी एकीने लगेच विचारले, "मग कॅल्शियमच्या गोळ्या बंद करू का?" मुळीच नाही. आपण कुटून, उकळून गाळतो तेव्हा टरफलाचा भुगा फडक्यातच राहतो. कॅल्शियमसाठी दूध, दही, नाचणी, तीळ आहेत. डॉक्टरांनी दिलेली गोळी या फळाच्या भरवशावर सोडू नये.

कुटण्याची युक्ती अण्णांनी शोधली असे वाटले होते, पण ती इथल्या मूळ रहिवाशांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मेल्विन गिलमोर यांचे मिसुरी नदीच्या प्रदेशातल्या वनस्पतींवरचे काम १९१९ साली प्रसिद्ध झाले. त्यात नोंद आहे की डकोटा लोक वाळलेली फळे बियांसकट बारीक कुटून मांसाला चव आणण्यासाठी वापरत. पॉनी लोक ती कुटून, थोडी चरबी घालून भाजलेल्या मक्यात मिसळत. भाजलेले धान्य, तेलकट बी आणि वरून स्निग्ध पदार्थ. आपल्या सातूच्या पिठात तूप-गूळ घालतो, त्याच्याच जवळचे हे डोके. अण्णांना हे वाचून दाखवले तेव्हा ते दाढ विसरले.

आता झाड ओळखणे. यात घाई नको. हॅकबेरीची साल करडी आणि तिच्यावर चामखिळीसारखे उंचवटे, ओबडधोबड कंगोरे. पान दातेरी, टोकदार, आणि देठाशी तिरके : एक बाजू वर, एक खाली. पानांच्या खालच्या बाजूला बहुधा किड्यांच्या गाठी असतात, त्यांचा फळाशी संबंध नाही. हिवाळ्यात पाने गेल्यावर फांद्यांत घरट्यांसारखे बारीक काटक्यांचे झुबके दिसतात. फळ बहुतेक वेळा एका देठाला एकच लोंबते आणि आत एकच गोल आठळी असते.

टेक्सास आणि ओक्लाहोमातल्या वाचकांनी विशेष सांभाळावे. तिकडे रस्तोरस्ती बकाणा निंब आहे, आपल्याकडचाच, इथे चायनाबेरी म्हणतात. त्याचीही फळे पाने गळल्यावर झाडावर राहतात, आणि ती विषारी आहेत. ती पिवळसर, गोटीसारखी, मोठ्या घोसांत असतात आणि पान निंबासारखे, अनेक पर्णिकांचे. उत्तरेकडे बकथॉर्नची काळी फळे फांदीला चिकटून गुच्छाने येतात. त्यांच्या आत दोन ते चार बिया निघतात आणि ती जुलाब लावतात. शंका आली तर फळ खाऊ नये. कुणी चुकून खाल्लेच तर विषबाधा मदत केंद्राचा देशभर चालणारा मोफत फोन १-८००-२२२-१२२२ आहे, तो फ्रिजवर लावून ठेवावा.

सप्टेंबर-ऑक्टोबरात फळ पिकते आणि पक्ष्यांनी ठेवले तर भर हिवाळ्यातही झाडावरच सुकून राहते. पाने गळल्यावर तोडणे सर्वांत सोपे. खाली जुनी चादर पसरून फांदी हलवावी. भोके पडलेली, बुरशी आलेली काढून टाकावीत. हायवेलगतचे झाड नको, आणि ज्या झाडाला कीटकनाशक दिले असेल ते तर नकोच. काही औषधे मुळाशी घालतात, ती धुऊन जात नाहीत. दुसऱ्याच्या अंगणात मालकाला आणि बागेत व्यवस्थापनाला विचारावे. फळे धुऊन पंचावर पसरून दोन दिवस वाळवली की बरणीत महिनोन्‌महिने राहतात.

कृती अशी. एक कप वाळलेली फळे. खलात एका वेळी दोन चमचेच घ्यावीत, वर फडके धरावे, नाहीतर ती सगळीकडे उडतात. टरफले फुटल्यावर मगजाच्या तेलाने आणि गराच्या गोडव्याने गोळा चिकट व्हायला लागतो. तो बत्त्याला धरला की झाले. मिक्सरचा मोह आवरावा. मी केला, आणि भांड्याची पाती बोथट झाली. हा कूट चार कप पाण्यात घालून मंद आचेवर अर्धा तास, मधूनमधून ढवळत, शिजवावा. उकळी फुटू देऊ नये. मग मलमलच्या फडक्यातून गाळावा आणि दहा मिनिटे न हलवता ठेवावा. तळाशी रेतीसारखा गाळ बसतो. वरचे तेवढे अलगद ओतून घ्यावे. पातळ बासुंदीच्या रंगाचे, किंचित मातट आणि गोड असे हे 'दूध' होते.

ते नुसते कोमट करून वेलची घालून छान लागते. अण्णांची कॅप बसेपर्यंतचे तीन आठवडे त्यांना मऊच खायचे होते. तेव्हा मी मक्याचे पीठ तुपावर खमंग भाजून त्यात हे दूध घालून खीर करत असे, गूळ नावाला. दलियाच्या खिरीतही निम्मे साधे दूध, निम्मे हे, असे जमते. आंबट काही घालू नये. मी एकदा चिंचेच्या सारात घालून पाहिले आणि सगळे पातेले बेसिनमध्ये गेले.

काही जणांनी थांबावे. मधुमेह असेल तर हे फळ खारकेसारखे धरून हिशेबात घ्यावे. कवळी, कॅप किंवा जुने फिलिंग असलेल्यांनी अख्खे फळ तोंडात टाकूच नये, आणि न गाळलेला कूटही टाळावा. लहान मुलांना अख्खी फळे देऊ नयेत, घशात अडकतात. पहिल्यांदा सर्वांनीच दोन-चार घोट घेऊन दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहावी.

पैशाच्या हिशेबाने पाहिले तर हा धंदा तोट्याचाच आहे. एक कप फळे गोळा करायला, निवडायला आणि कुटायला आम्हा दोघांचा अख्खा शनिवार दुपारचा वेळ गेला, त्यात दाढेचे १,९०० मिळवा. दुकानात सुंदर पाकिटात मिळणाऱ्या महागड्या सुक्या बेरींना पर्याय म्हणून कुणी सुरुवात करणार असेल तर मनुका घ्याव्यात, स्वस्त पडतात. पण अण्णांना दुपारी दोन ते चार करायला काम मिळाले. शेजारच्या घरातल्या आजोबांनी खलाचा आवाज ऐकून कुंपणावरून चौकशी केली, आणि त्यांच्या अंगणात हॅकबेरीची आणखी दोन झाडे निघाली. जानेवारीपर्यंत दोघे मिळून चादर धरत होते.

तयार दूध फ्रिजमध्ये दोन दिवसांत संपवावे. कुटलेला गोळा लगेच वापरायचा नसेल तर फ्रीझरमध्ये ठेवावा. मगजातले तेल बाहेर खवट होते. फडक्यात उरलेला चोथा मी गुलाबाच्या आळ्यात घालते.