वृद्धांचा आहार : थोडे, पण कसदार

वय वाढले की भूक मंदावते, हे खरे. परंतु त्यामुळे शरीराची गरजही तेवढीच कमी होते, हा समज बरोबर नाही. साठीनंतर उष्मांकांची गरज घटते. प्रथिने, कॅल्शियम व जीवनसत्त्वे यांची घटत नाही. हसनाबाद व भोकरदन तालुक्यातील ज्येष्ठ आणि त्यांची शुश्रूषा करणारे कुटुंबीय यांच्यासाठी आम्ही काही गोष्टी येथे मांडीत आहोत.

सर्वांत मोठी उणीव प्रथिनांची असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. वृद्धांना किमान १ ग्रॅम मिळावे, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. म्हणजे ५० किलो वजनाच्या आजीला सुमारे ५० ग्रॅम. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण १० ग्रॅम प्रथिने असतात. एक भाकरी आणि ठेचा एवढ्यावर दिवस काढला, तर हिशेब कुठे राहतो हे सांगावयास नको! स्नायू झिजतात, तोल जातो आणि न्हाणीत पाय घसरून खुब्याचे हाड मोडते. त्यानंतर अनेकांचे अंथरूण सुटत नाही.

दात गेल्यावर भाकरी चहात कुस्करून खाण्याची सवय घरोघरी दिसते. जेवणासोबतच्या चहामुळे अन्नातील लोह नीट शोषले जात नाही. तीच भाकरी घट्ट वरणात किंवा दुधात कुस्करावी. मुगाची मऊ खिचडी, पिठले, शिजवलेली मटकी, दही, आणि चालत असल्यास अंडे, यांना दात लागत नाहीत. शेंगदाण्याचे कूट व जवसाची चटणी तर आपल्या घरचीच. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रथिने किती घ्यावीत, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

ब-१२ जीवनसत्त्व धान्य-भाज्यांत नसते. माळकरी घरांत दूध-दही हाच त्याचा आधार. तेही नातवंडांना देऊन आजी-आजोबा कोरा चहा घेतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ही कमतरता अधिक आढळते. पायांना मुंग्या येणे, विसरभोळेपणा हे सारे ‘वयोमान’ म्हणून सोडून देऊ नये. रक्ततपासणीने कारण कळू शकते व उपचारही होतो.

उपवासाविषयी श्रद्धेचा आदर राखून स्पष्ट सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. साखर उतरविणारी काही औषधे किंवा इन्सुलिन घेऊन निर्जळी एकादशी करणे जिवावर बेतू शकते. औषधाची मात्रा आधी विचारून घ्यावी.

वृद्धापकाळी तहानेची जाणीवही बोथट होते. रात्री उठावे लागेल या भीतीने अनेक माता पाणीच टाळतात. उन्हाळ्यात पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताशी ठेवावा आणि दिवसभरात तो रिकामा होतो की नाही, हे पाहावे.

मराठवाड्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात व वृद्ध मागे राहतात. एकट्यासाठी चूल कोण पेटवील, म्हणून शिळ्यावर भागते. अशा घरी शेजाऱ्यांनी अधूनमधून वाटीभर वरण पोहोचवावे आणि हातातील बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या आहेत काय, याकडे लक्ष द्यावे. सहा महिन्यांत ५० किलोंतील अडीच किलो वजन कारणाविना उतरले, तर तपासणीस आणावे.