वंशावळ करताना नावावर जाऊ नका

कुणबी नोंदींसाठी सप्टेंबर २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि बीड जिल्ह्यात घरोघरी खापरपणजोबांची चौकशी सुरू झाली. आमच्या चुलतभावानं लेकीच्या प्रवेशाला लागणाऱ्या कुणबी प्रमाणपत्रासाठी वंशावळ करायला घेतली. फाईल करून देणाऱ्या एकानं मोडी नोंदीतून ‘विठोबा राणोबा’ काढून दिला. नाव जुळलं, गाव जुळलं. कागद दाखल होणार, तेवढ्यात थोरल्या आत्यानं विचारलं, “ह्या विठोबाचं रान कुठलं?” नोंदीतला सर्वे नंबर नदीपलीकडचा निघाला. तिथं आमची जमीन कधीच नव्हती. तो विठोबा दुसऱ्या भावकीचा. अशा नोंदीवरचं प्रमाणपत्र पडताळणीत रद्द झालं असतं आणि पोरीचा प्रवेशही गेला असता.

आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. विठोबाचा राणोबा, राणोबाचा विठोबा. तीन भाऊ असतील तर तिघांच्या घरी एकेक विठोबा. मधली पिढी गळाली तरी कागदावर कळत नाही. म्हणून आधी जमीन धरा. सातबारा, फेरफार, खासरा पत्रक असं मागं जा. एकत्रीकरणात सर्वे नंबरांचे गट नंबर झाले आहेत, त्यांची जुळणी भूमी अभिलेख कार्यालयातून करून घ्या.

१९४८पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कागदावर फसली साल असेल तर त्यात ५९० मिळवा, साधारण इसवी सन येतं. अंबाजोगाई हे नाव तिथं शोधू नका, तेव्हा ते मोमिनाबाद होतं. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, मोडीत शब्द सलग जोडलेले असतात. त्यामुळे वाचणाऱ्याकडून नुसतं नाव घेऊ नका, अख्ख्या नोंदीचं लिप्यंतर मागा. जन्मतारखेवरही फार विसंबू नका, गुरुजींनी वर्गातल्या कितीतरी पोरांना १ जूनच लावलेला असतो.

आडनावाचंही तसंच. पाटील, देशमुख ही वतनं. एक भाऊ ते लावतो, दुसरा मूळ आडनाव. कॅनडातल्या क्युबेकमध्येही फ्रेंच घराण्यांची अशी दुहेरी आडनावं असत. पण तिथल्या चर्चच्या वह्यांत लग्न झालेल्या बाईचंही माहेरचंच आडनाव लिहीत, त्यामुळे आईकडून मागं जाता येतं.

आपल्याकडे ती वाट बंद आहे, आणि याचं मला मनापासून दुःख होतं. लग्नात तांदळावर नवं नाव लिहिलं की बाईचं पहिलं नाव मिटतं. माझ्या आजीचं माहेरचं नाव आमच्या एकाही कागदावर नाही. वंशावळीच्या नमुन्यात तर फक्त पुरुषांची उतरंड. आणि तरी कुठला विठोबा आपला, हे सांगितलं आत्यानंच.

तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या बायकांजवळ निवांत बसा. त्यांचं जन्मनाव, माहेरचं गाव, आडनाव, मामाचं घर, कुलदैवत, कुठल्या वाटणीत कोणतं रान आलं, सगळं विचारा आणि त्यांच्यासमोरच लिहून काढा. घरातलं कुणी त्र्यंबकेश्वरला विधीला गेलेलं असेल तर तिथल्या गुरुजींच्या वहीतली नोंदही पाहून या. १ मे २०२४पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आईचं नाव लागतं. त्याआधीच्या सगळ्या आयांची नावं आपल्यालाच लिहून ठेवायची आहेत.