ट्यूबरस स्क्लेरोसिस : डोळ्यांची काळजी

ट्यूबरस स्क्लेरोसिस या जनुकीय विकारात सुमारे 30 ते 50 टक्के रुग्णांच्या दृष्टिपटलावर गाठी आढळतात. त्या कर्करोगाच्या नसतात व बहुधा दृष्टीस बाधा आणत नाहीत. नियमित तपासणी पुरेशी असते. क्वचित गाठीतून द्रव पाझरून दृष्टी मंदावल्यास लेझर किंवा औषधोपचार करावा लागतो.

या विकारात बालकांच्या आकडीवर दिले जाणारे व्हिगाबॅट्रिन हे औषध प्रभावी आहे. परंतु त्यामुळे बाजूचे दिसणे कायमचे कमी होऊ शकते. लहान मूल हे सांगू शकत नाही. म्हणून ठराविक काळाने नेत्रतपासणी करून घ्यावी. डॉक्टरांना न विचारता औषध बंद करू नये. आकडी बळावू शकते.

डोकेदुखी, उलट्या व अंधुक दिसणे ही मेंदूतील दाब वाढल्याची लक्षणे असू शकतात. रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.