कोरियन मिरचीचा मुरलेला लगदा व त्यापासून मुरवण्याचा मसाला

मिरचीचे पीक वर्षातून काही महिनेच हाती येते. स्वयंपाकघरास मात्र तिची गरज बारा महिने असते. म्हणून मिरची टिकविण्याची काही ना काही रीत मिरची खाणाऱ्या प्रत्येक देशाने शोधून काढली आहे. आपल्याकडे वर्षाचे तिखट कुटून ठेवतात, लोणची घालतात. कोरियातील शेतकरी कुटुंबे मिरचीची पूड, चिकट तांदूळ, आंबवलेले सोयाबीन व मीठ एकत्र करून ते मातीच्या रांजणात मुरवितात. या गर्द तांबड्या, तिखट-गोड लगद्यास ‘गोचुजांग’ म्हणतात. ‘गोचु’ म्हणजे मिरची व ‘जांग’ म्हणजे सोयाबीन आंबवून केलेले तोंडीलावणे.

मिरची मूळची अमेरिका खंडातील. कोरियात तिचा उल्लेख १६१४ सालच्या एका ज्ञानकोशात आढळतो. दक्षिण कोरियातील सुन्चांग हा भाग गोचुजांगसाठी विशेष प्रसिद्ध आहे. कोरियातील ‘जांग’ तयार करण्याच्या परंपरेचा युनेस्कोने २०२४ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

लगदा तयार करण्याची रीत

घरगुती प्रमाण असे : मिरचीची बारीक पूड ५०० ग्रॅम, चिकट तांदळाचे पीठ ५०० ग्रॅम, मोड आणून वाळविलेल्या जवाचे पीठ २०० ग्रॅम, ‘मेजू’ची पूड २०० ग्रॅम, मीठ ३०० ग्रॅम व पाणी २ लिटर.

मेजू म्हणजे शिजवून कुटलेल्या सोयाबीनची आंबवलेली व वाळविलेली वडी. कोरियात ती भाताच्या पेंढ्याने बांधून टांगून ठेवतात.

प्रथम जवाचे पीठ कोमट पाण्यात तासभर भिजवून गाळून घ्यावे. गाळलेल्या पाण्यात तांदळाचे पीठ कालवून ते मंद आचेवर सुमारे ६० अंश सेल्सियसपर्यंत तापवावे व एक-दोन तास तेवढेच गरम ठेवावे. मोड आलेल्या धान्यातील पाचकद्रव्ये पिठातील स्टार्चची साखर करतात. त्यामुळे दाट पेज पातळ व गोडसर होते. नाचणीला मोड आणल्याने ती गोड व पचण्यास हलकी होते, त्यामागे हेच तत्त्व आहे. उष्णता फार वाढल्यास मात्र ही पाचकद्रव्ये निकामी होतात.

नंतर हे मिश्रण उकळून आटवावे. दीड किलोच्या सुमारास राहिले म्हणजे उतरवून पूर्ण थंड करावे. त्यात प्रथम मेजूची पूड, मग मिरची व शेवटी मीठ घालून गुठळी न राहील असे घोटावे. कोरडी, स्वच्छ बरणी तीन-चतुर्थांशच भरावी, कारण आंबताना लगदा फुगतो. वर मिठाचा पातळ थर देऊन तोंडास फडके बांधावे. उन्हाच्या दिवशी झाकण काढून ऊन दाखवावे व सायंकाळी झाकावे. तीन-चार महिन्यांत लगदा वापरण्याजोगा होतो. सहा महिन्यांनी चव भरते. कोरियात हे काम उन्हाळा तापण्यापूर्वीच उरकतात. आपल्याकडे करावयाचे झाल्यास जानेवारीत आरंभ करावा व पावसाळ्यात बरणी घरात कोरड्या जागी ठेवावी.

कोरियन मिरची रंगाला भडक व तिखटपणात मध्यम असते. तिच्याऐवजी बिया काढलेली ब्याडगी मिरची चालेल. लवंगीसारखी जहाल मिरची वापरल्यास लगदा खाववणार नाही.

बुरशीविषयी इशारा

मेजू आंबविणारे सूक्ष्म जीव उपकारक असतात. परंतु प्रत्येक बुरशी मित्र नव्हे. ओलसर राहिलेल्या मिरचीवर किंवा सोयाबीनवर येणारी काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करते व ते शिजवूनही नाहीसे होत नाही. म्हणून मिरची जमिनीवर न पसरता ताडपत्रीवर किंवा स्वच्छ खळ्यावर कडकडीत वाळवावी. बुरसलेली मिरची निवडून टाकून द्यावी. अनुभव नसताना मेजू घरी न करता तयार पूड आणावी. मीठ कमी करण्याचा मोह टाळावा; त्याच्यावरच लगद्याचा टिकाऊपणा अवलंबून आहे. बरणीत हिरवी वा काळी बुरशी दिसल्यास संपूर्ण लगदा टाकून द्यावा.

मुरवण्याचा मसाला

गोचुजांग मोठे चार चमचे, सोया सॉस दोन चमचे, साखर किंवा मध दीड चमचा, भाजलेल्या तिळांचे तेल एक चमचा, व्हिनेगर एक चमचा, ठेचलेल्या लसणाच्या सहा पाकळ्या, बोटाच्या पेराएवढे आले व चिरलेली कांद्याची पात. हे सर्व एकजीव करावे. वेगळे मीठ घालू नये. एवढा मसाला सुमारे ७५० ग्रॅम मांस, मासे किंवा भाज्यांस पुरतो.

हा मसाला अनेक प्रकारे उपयोगी पडतो. कोरियात तो डुकराच्या मांसाच्या पातळ कापांस लावून ‘जेयुक-बोक्कम’ करतात, चुन्चॉन शहरातील ‘दाक-गाल्बी’त कोंबडीचे तुकडे त्यात मुरवून कोबी व रताळ्यासह परततात, ‘दॉदॉक’ नावाचे मूळ ठेचून, मसाला लावून भाजतात. वांगी, बटाटे, अळंबी व सोयाबीनचे पनीर यांसही तो चांगला लागतो.

मीठ मांसात हळूहळू उतरते. मिरची व लसूण बहुतांशी पृष्ठभागावरच राहतात. यास्तव तुकडे पातळ करावेत किंवा त्यांस चिरा द्याव्यात. मासे अर्धा तास व कोंबडी दोन ते चार तास मुरवावी. मसाल्यात साखर असल्याने तो लवकर करपतो. आच मध्यम ठेवावी.

टिकतो तो लगदा, मसाला नव्हे

येथे पुष्कळांची चूक होते. लगदा महिनोन्‌महिने टिकतो म्हणून त्याचा मसालाही टिकेल असे वाटते. परंतु लसूण, कांदा व इतर ओले जिन्नस मिसळताच मिठाचे प्रमाण उतरते व संरक्षण जाते. म्हणून पुढील नियम पाळावेत :

१. लागेल तेवढाच लगदा कोरड्या चमच्याने काढावा. उरलेला पुन्हा बरणीत टाकू नये.

२. तयार मसाला शीतकपाटात ठेवून आठवड्याच्या आत संपवावा. शीतकपाट नसल्यास त्याच दिवशी वापरावा.

३. मांस व मासे शीतकपाटातच मुरवावेत. ती सोय नसल्यास अर्ध्या तासाहून अधिक न ठेवता लगेच शिजवावेत.

४. कच्च्या मांसास लागलेला मसाला वरून वाढू नये. वाढावयाचा मसाला आधीच वेगळा काढावा.

५. ॲल्युमिनियमची वा पितळेची भांडी वापरू नयेत. काच, चिनी माती किंवा स्टेनलेस स्टीलची वापरावीत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी महिला मंडळांत हे प्रात्यक्षिक करून दाखविताना दोन भांडी शेजारी ठेवावीत : एकात मुरलेला लगदा, दुसऱ्यात तयार मसाला. एक वर्षाची बेगमी आहे व दुसरे आजचे जेवण आहे, हा भेद भगिनींच्या ध्यानी आला म्हणजे प्रात्यक्षिकाचा हेतू साधला.