बोलपट आणि आपले नित्याचे जीवन



आमच्या वडिलांच्या पिढीत ‘मुलांनी बोलपट पाहावा की पाहू नये’ हा प्रश्न घरोघर वादाचा असे. आज तो वाद संपल्यासारखाच आहे. गावात चित्रपटगृह असो वा नसो, मोबाईलच्या रूपाने चित्रपट आपल्या खिशात येऊन बसला आहे आणि जेवतानाही तो आपल्या ताटाशेजारी असतो. तेव्हा विचार करावयाचा तो चित्रपट पाहावा की नाही याचा नव्हे, तर तो कसा पाहावा याचा. या विषयावर माझ्या अल्प अनुभवातून जे शिकावयास मिळाले, ते आपणांपुढे ठेवण्याचा विचार आहे.

प्रथम चित्रपट म्हणजे काय हे ध्यानात घेऊ. पडद्यावर जे हलताना दिसते ते वस्तुतः हलत नसते. एका सेकंदात सामान्यतः चोवीस स्थिर चित्रे आपल्या डोळ्यांपुढून जातात आणि आपला मेंदू त्यांची सांगड घालून त्यांत गती पाहतो. ही झाली यंत्राची किमया. परंतु याहून मोठी किमया कात्रीची आहे. दिग्दर्शक पुष्कळ चित्रण करतो आणि त्यातील बराचसा भाग गाळून टाकतो. नायक घरातून निघाला आणि दुसऱ्याच क्षणी मुंबईस पोहोचला, असे आपण पाहतो. मधला प्रवास, तिकिटाची रांग, गाडीतील गर्दी, भूक, झोप यांपैकी काहीच आपणांस सोसावे लागत नाही. कथेस ज्याची गरज नाही ते गाळावे, हा त्या कलेचा नियमच आहे आणि त्यात दोष काही नाही. दोष घडतो तो प्रेक्षकाकडून. चित्रपटाने गाळलेला काळ जीवनातही गाळता येतो, असा त्याचा नकळत समज होतो.

हा समज एकदा माझाही झाला होता. २००७ सालच्या डिसेंबरात ‘तारे जमीन पर’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. त्यातील ईशान नावाच्या मुलास अक्षरे ओळखता येत नाहीत. घरचे व शाळेतील लोक त्यास आळशी ठरवितात. अखेरीस निकुंभ नावाचे चित्रकलेचे शिक्षक त्याची अडचण ओळखतात आणि त्यास वाळूवर, रंगांनी, मातीने अक्षरे शिकवितात. मी त्या वेळी नुकताच शिक्षकी पेशात आलेला तरुण होतो. चित्रपट पाहून मी भारावून गेलो. माझ्या पाचवीच्या वर्गात असाच एक मुलगा होता. तो ‘घ’ व ‘ध’ यांत, ‘भ’ व ‘म’ यांत नेहमी गोंधळे आणि वेलांटी कोणत्या बाजूस द्यावी हे त्यास काही केल्या उमगत नसे. मी एका ताटात बारीक वाळू पसरली आणि शाळा सुटल्यावर त्यास रोज अर्धा तास शिकवू लागलो.

पहिला आठवडा उत्साहात गेला. दुसऱ्या आठवड्यात उत्साह ओसरला. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस त्याने ‘घर’ या शब्दाच्या जागी पुन्हा ‘धर’ लिहिले आणि माझा संयम सुटला. ताट बाजूस सारून मी म्हणालो, “इतके दिवस शिकवतो आहे, तुझे लक्ष असते तरी कोठे?” मुलगा खाली मान घालून उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने हळूच विचारले, “सर, सिनेमातल्या त्या मुलाला किती दिवस लागले होते?”

मला उत्तर देता आले नाही. कारण आम्हां प्रेक्षकांच्या हिशेबाने खरे उत्तर ‘काही मिनिटे’ असे होते. संगीताच्या साथीने ईशानची अक्षरे भराभर सुधारत गेलेली आम्ही सर्वांनी पाहिली होती. त्या काही मिनिटांत किती महिने दडलेले आहेत याचा विचार मी केला नव्हता आणि माझ्या अज्ञानाची शिक्षा मी त्या लेकरास देत होतो.

पुढे त्यास तज्ज्ञांकडे नेण्यात आले. त्यास डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातील एक जन्मजात अडचण आहे, असे निष्पन्न झाले. ही अडचण म्हणजे बुद्धीची उणीव नव्हे. मात्र तिच्यासाठी शिस्तबद्ध शिकवण दीर्घकाळ, नियमाने द्यावी लागते. ती आम्ही दिली. त्याची आई एका दवाखान्यात आयाचे काम करीत असे आणि तिचे स्वतःचे शिक्षण चौथीपर्यंतच झाले होते. तरी रोज रात्री ती त्याच्या शेजारी बसून ओळीखाली बोट फिरवीत असे. दोन वर्षांनी, सातवीत असताना, त्याने सकाळच्या परिपाठात एक उतारा वाचला. तो दोन ठिकाणी अडखळला. कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत, कारण इतरांच्या दृष्टीने विशेष असे काही घडलेच नव्हते. त्याची आई त्या वेळी कामावर होती.

या चित्रपटास मी नावे ठेवीत नाही. त्याच्यामुळे या अडचणीचे नाव अनेक आईबापांच्या कानी प्रथमच पडले आणि आम्हां शिक्षकांचे डोळे उघडले, हे त्याचे उपकार आहेत. चित्रपटाने दार दाखविले. त्यातून चालत जाणे आमचे आम्हांसच भाग होते.

चित्रपट ज्याप्रमाणे काही गाळतो, त्याचप्रमाणे काही घालतोही. तो संगीत घालतो. प्रसंग करुण असेल तेथे सारंगी वाजते, भय असेल तेथे ढोल घुमतो, आणि आपण केव्हा रडावे व केव्हा दचकावे हे आपणांस बिनबोभाट सांगितले जाते. आपल्या घरात असे संगीत वाजत नाही. त्यामुळे मोठा प्रसंग येऊन उभा राहिला, तरी तो ओळखावयाचा राहून जातो.

याविषयीची माझी एक आठवण सांगतो. ती सांगताना आजही संकोच होतो. मी सातवीत असताना आम्हां विद्यार्थ्यांना शाळेच्या सभागृहात ‘श्यामची आई’ दाखविण्यात आला. साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी १९५३ साली काढलेला हा चित्रपट. १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्यास मिळाले. श्यामच्या आईच्या अखेरच्या आजाराचा भाग आला तेव्हा मी हुंदके देऊन रडलो. शेजारच्या मुलांनीही डोळे पुसले. घरी आलो तो संध्याकाळ झाली होती. आईस त्या दिवशी ताप होता हे मला ठाऊक नव्हते; मी विचारलेही नव्हते. तिने भाकरी वाढली. ती एका कडेस करपली होती. “ही काय भाकरी आहे?” असे म्हणून मी ताट पुढे लोटले आणि उठलो. माझे डोळे त्या वेळीही पडद्यावरील आईसाठी रडून लाल झालेले होते.

गेल्या वर्षी मी आईपाशी या गोष्टीचा विषय काढला. एवढी जुनी गोष्ट तिच्या स्मरणात नसेल असे मला वाटले होते. ती म्हणाली, “आठवते तर. तू उपाशीच झोपलास. मला रात्रभर तेच लागून राहिले होते.” मला तिच्या तापाची लाज वाटत होती आणि तिला माझ्या उपवासाची रुखरुख होती. इतक्या वर्षांत आम्ही दोघे याविषयी एक शब्द बोललो नव्हतो.

पडद्यावर पाहून आलेले अश्रू खोटे असतात असे मी म्हणत नाही. मात्र ते स्वस्त असतात. त्यांच्यासाठी आपणांस उठून पाणी द्यावे लागत नाही की रात्र जागावी लागत नाही. ते घरी आणून खर्च केले तरच त्यांना मोल येते.

कित्येक विचारी दिग्दर्शकांनी हा भेद ओळखून आपल्या कलेस नित्याच्या जीवनाजवळ आणण्याचा यत्न केला आहे. प्रभात कंपनीचा ‘कुंकू’ हा १९३७ सालचा बोलपट याचे उत्तम उदाहरण होय. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे. एका तरुणीचे फसवून वृद्ध विधुराशी लग्न लावले जाते आणि ती हा अन्याय मान्य करावयास नकार देते, असे त्याचे कथानक आहे. व्ही. शांताराम यांनी त्यात पार्श्वसंगीत मुळी घातलेच नाही. दृश्यात ज्या वस्तू असतील त्यांचेच आवाज ऐकू येतात. भिंतीवरील घड्याळाचे ठोके पडतात, आणि तेवढेच. आपल्या घरातील दुःख असेच, घड्याळाच्या ठोक्यांखाली, कोणासही कळू न देता चाललेले असते. म्हणून तो बोलपट त्या काळच्या प्रेक्षकांस आपल्या घरासारखा वाटला असला पाहिजे.

अलीकडील उदाहरण घ्यावयाचे तर नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’चे (२०१६) घेता येईल. त्यातील ‘झिंगाट’ हे गाणे ठाऊक नाही असा मुलगा आज शोधून सापडणार नाही. लग्नाच्या वरातीत ते हटकून वाजते. परंतु पुष्कळ प्रेमकथा जेथे संपतात, तेथे या चित्रपटाचा अर्धा भाग उरलेला असतो. घरातून पळालेली ती दोन मुले हैदराबादेच्या झोपडवस्तीत येऊन पडतात. भाषा परकी, अंथरूण परके, काम मिळवावयाचे, स्वयंपाक जमत नाही, संशय आणि भांडणे होतात. इतर चित्रपट जे दिवस गाळतात तेच येथे सावकाश दाखविले आहेत. आणि शेवटी जातीच्या अभिमानातून जो घात होतो, तो दाखविताना संगीतच काय, सारा आवाजच थांबतो. वरातीत त्या गाण्यावर नाचणाऱ्यांपैकी किती जणांस ती शांतता आठवत असेल?

तसाच ‘श्वास’. कोकणातील एका लहान मुलाच्या डोळ्यांस कर्करोग होतो. जीव वाचवावयाचा तर दृष्टी गमवावी लागणार. त्याचे आजोबा त्यास शहरात आणतात, आणि शस्त्रक्रियेपूर्वी एक दिवस त्यास डोळे भरून जग दाखवावयास रुग्णालयातून बाहेर नेतात. या चित्रपटात खलनायक नाही की मारामारी नाही. दवाखान्यातील ओटे, कागदपत्रे आणि वाट पाहणे आहे. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी, २००४ साली, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मराठीस पुन्हा मिळाला तो या साध्या कथेमुळे.

आता चित्रपटाच्या मागच्या बाजूसही थोडे डोकावू. मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहून दादासाहेब फाळके यांना आपल्याकडील राम-कृष्णांची चरित्रे पडद्यावर आणण्याची प्रेरणा झाली, हे सर्वश्रुत आहे. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला. त्यात तारामतीचे काम करावयास स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना ती भूमिका देण्यात आली. परंतु या साऱ्या खटाटोपात फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई काय करीत होत्या? त्यांनी आपले दागिने दिले, काम करणाऱ्या सर्व मंडळींचा स्वयंपाक केला, आणि अंधारात बसून कोऱ्या फितीस भोके पाडण्याचे काम शिकून घेतले. ती भोके नसती तर फीत यंत्रातून सरकली नसती. आपल्या देशातील चित्रपटकलेचा आरंभही एका घराच्या चुलीपाशी आणि न दिसणाऱ्या श्रमांतून झाला आहे. पडद्यावर मात्र तारामती दिसते, सरस्वतीबाई दिसत नाहीत.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरातही असे न दिसणारे कोणी आहे काय? याचा शोध घेण्यासाठी मी तुम्हांस एक लहानसा अभ्यास देतो. पुढच्या वेळी चित्रपट पाहाल तेव्हा एका वहीत तीन गोष्टी लिहा. पहिली, या कथेतील कोणते दिवस गाळले आहेत? नायक परीक्षेत पहिला आला, तर त्याने एकट्याने बसून केलेल्या अभ्यासाच्या रात्री किती असतील? दुसरी, कोणत्या ठिकाणी मला संगीताने रडविले आणि कोणत्या ठिकाणी प्रसंगाने? तिसरी, या गोष्टीत ज्याच्याविषयी मला कळवळा आला, तसा माणूस माझ्या घरात, वर्गात किंवा आळीत कोण आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडल्यावर वही मिटा आणि त्या माणसाकडे जा.

पालकांस विनंती एवढीच, की मुलांबरोबर बसून चित्रपट पाहावा आणि तो संपल्यावर लगेच दिवा मालवून उठू नये. दहा मिनिटे बोलावे. आपली मुले कोणाच्या दुःखाने विरघळतात आणि कोणाच्या दुःखाला हसतात, हे त्या दहा मिनिटांत जेवढे कळते तेवढे प्रगतिपुस्तकातून कळत नाही.

ज्या मुलाविषयी वर लिहिले, तो आज एका छापखान्यात नोकरीस आहे. छापावयाच्या मजकुरातील चुका काढण्याचे काम मिळाले, असे त्याने मध्यंतरी भेटून सांगितले. तो अजूनही सावकाश वाचतो, प्रत्येक अक्षराखाली पेन्सिलीचे टोक धरून. घाईने वाचणाऱ्यांच्या नजरेतून ‘घ’ आणि ‘ध’ निसटतात, त्याच्या नजरेतून ते निसटत नाहीत. निरोप घेताना मी त्यास विचारले, “आई कशी आहे?” तो म्हणाला, “बरी आहे, सर. आता रात्री मी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवतो.”