ओव्हलसमोरचा जुना फ्लॅट घ्यावा का?

प्रश्न : मुंबईत ओव्हल मैदानासमोर १९३०च्या दशकातल्या इमारतीत प्रशस्त फ्लॅट विकाऊ आहे. घ्यावा का?

उत्तर : उंच छत आणि लांबरुंद सज्जा मोह घालणारच, पण आधी विकले काय जाते आहे ते तपासा, मालकी की पागडीचा भाडेहक्क? १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडी वैध ठरवली असली, तरी तीत जमिनीची मालकी मिळत नाही. सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट पाहा. मग सज्ज्याची खालची बाजू निरखा: खाऱ्या हवेने सळई गंजून फुगली की काँक्रीटचे पोपडे सुटतात. हेरिटेजची बंधने दुरुस्तीत जाचक वाटतील, हे खरे. पण २०१८ साली जागतिक वारसा ठरलेल्या या परिसराचे मोल त्यांनीच राखले आहे. स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल वाचल्याशिवाय बयाणा मात्र देऊ नका.