पोटातले बाळ दाखवणारे यंत्र

चारकोपच्या कोळी बांधवांना ठाऊक आहे, वरून पाण्याचा तळ दिसत नाही. म्हणून मोठ्या मासेमारी बोटींवर एक यंत्र बसवतात. ते पाण्यात आवाज सोडते. तो आवाज माशांच्या थव्यावर आपटून परत येतो. त्यावरून मासळी कुठे आहे ते कळते.

सोनोग्राफीचे यंत्र त्याच जातीचे आहे. त्याचा आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही. तो पोटात जातो, बाळावर आपटून परत येतो आणि पडद्यावर चित्र उमटते. हे क्ष-किरण नव्हेत. यात सुई नाही, दुखणे नाही. पोटातल्या बाळाची अशी चित्रे ग्लासगो शहरातील डॉक्टर इयान डोनाल्ड यांनी १९५८ साली प्रसिद्ध केली.

याचा उपयोग काय? बाळ आडवे आहे हे जाणत्या सुईणीला हाताने कळे. पण वार कुठे चिकटली आहे ते तिला कसे कळणार? वार खाली, गर्भाशयाच्या तोंडावर असली, तर बाळंतपणात भयंकर रक्त जाते. घरी अशी बाई वाचवणे फार कठीण. सोनोग्राफीने हे आधीच कळते. मग इस्पितळात शस्त्रक्रियेची तयारी ठेवता येते. आई वाचते, बाळही वाचते.

जुळे आहे का, दिवस किती गेले, बाळाची वाढ नीट आहे का, हेही कळते. म्हणून तिसऱ्या महिन्याच्या सुमारास आणि पाचव्या महिन्यात डॉक्टर ही तपासणी सांगतात. गरोदर नसलेल्या बाईच्याही अंगावरून फार जात असेल, ओटीपोट दुखत असेल, तर आतली गाठ यात दिसते. असे दुखणे लाजून अंगावर काढू नये.

पण काही लोकांनी या यंत्राचा दुरुपयोग केला. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडले. महाराष्ट्राने १९८८ साली त्याविरुद्ध देशात पहिला कायदा केला. १९९४ साली साऱ्या देशासाठी कायदा झाला. तरी २०११ च्या शिरगणतीत आपल्या राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागे मुली ८९४ च होत्या. मुलगा की मुलगी हे सांगणारा आणि विचारणारा, दोघेही तुरुंगात जाऊ शकतात. बाईवर मात्र घरच्यांनी जबरदस्ती केली असेच कायदा आधी धरून चालतो.

कांदिवलीला महानगरपालिकेचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय आहे. लोक त्याला शताब्दी म्हणतात. तिथे वेळेवर नाव नोंदवा. सोनोग्राफीच्या जागी भिंतीवर कायद्याचा फलक असतो, तो वाचा. तिथे एक कागद सहीला देतात. ‘बाळ मुलगा की मुलगी हे मला जाणून घ्यायचे नाही,’ असे त्यात लिहिलेले असते. आता तुम्हाला वाचता येते. आधी वाचा, मग सही करा.